मॅसेडोनियन नक्की कोणाची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात बाल्कन देशांवरच्या लेखात एक ओळ होती, की उत्तर मॅसेडोनियाची राजधानी स्कोप्ये, तिथे मॅसेडोनियन बोलतात आणि ती स्लाव्हिक कुटुंबातली भाषा आहे. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. मला ही भाषा मनापासून आवडते, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, तेवढं चालवून घ्या.

"मॅसेडोनिया म्हटलं की शाळेतला अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर आठवतो. मग तो हीच भाषा बोलायचा का?" (निवृत्त शिक्षक, नाशिक)

नाही सर, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की सगळ्यात आधी हाच प्रश्न घेतला. अलेक्झांडर झेलमच्या काठी पोचला इ.स.पू. ३२६ मध्ये. स्लाव्ह लोक बाल्कनमध्ये उतरले ते इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकात, म्हणजे मध्ये नऊशेएक वर्षं गेली. अलेक्झांडरच्या घरात जी बोली चालायची ती ग्रीकचीच एक बोली होती की ग्रीकची जवळची बहीण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण ती स्लाव्हिक नव्हती याबद्दल कोणाला शंका नाही. लोक बदलले, भाषा बदलली, नाव तेवढं प्रदेशाला चिकटून राहिलं.

हा मॅसेडोनिया नावाचा मोठा प्रदेश शतकानुशतकं ऑटोमन तुर्कांकडे होता आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनंतर ग्रीस, सर्बिया आणि बल्गेरिया यांनी तो वाटून घेतला. सर्बियाकडे गेलेला तुकडा पुढे युगोस्लाव्हियात आला, तिथून १९९१ साली स्वतंत्र झाला, आणि मग ग्रीसने नावावर हरकत घेतली कारण ग्रीसच्या उत्तर भागालाही मॅसेडोनियाच म्हणतात आणि अलेक्झांडरचं जन्मगाव पेला आज ग्रीसमध्येच आहे. हा वाद २०१८ च्या प्रेस्पा कराराने मिटला, देश २०१९ पासून 'उत्तर मॅसेडोनिया' झाला, पण भाषेचं नाव मात्र 'मॅसेडोनियन'च राहिलं आणि करारातच लिहून ठेवलंय की ही दक्षिण स्लाव्हिक गटातली भाषा आहे, प्राचीन ग्रीक संस्कृतीशी तिचा संबंध नाही. एखादी भाषा कुठल्या कुटुंबातली आहे हे दोन देशांच्या करारात लिहावं लागलं, यावरून तिथे हा विषय किती नाजूक आहे ते लक्षात येईल.

"स्लाव्हिक म्हणजे रशियन वगैरे ना? त्यात मॅसेडोनियन कुठे बसते, आणि आपल्या मराठीशी या सगळ्यांचं काही नातं आहे का?" (वाचक ताई, सांगली)

ताई, आहे, आणि चांगलं घरातलं नातं आहे. पण आधी कुटुंब बघूया.

स्लाव्हिक भाषा बोलणारे जगात साधारण ३० कोटी लोक आहेत आणि या भाषांच्या तीन शाखा पडतात. पूर्वेकडच्या शाखेत रशियन, युक्रेनियन, बेलारूशियन. पश्चिमेकडच्या शाखेत पोलिश, चेक, स्लोव्हाक, शिवाय जर्मनीच्या पूर्व टोकाला टिकून राहिलेल्या दोन सोर्बियन भाषा (आजूबाजूला सगळं जर्मन आणि मध्येच ही छोटी स्लाव्हिक वस्ती). आणि दक्षिणेकडे स्लोव्हेनियन, मग सर्बियन-क्रोएशियन-बोस्नियन-मॉन्टेनेग्रिन जे चौघे एकमेकांचं बोलणं आरामात समजतात, आणि सगळ्यात शेवटी बल्गेरियन आणि मॅसेडोनियन. लिपीचं गणित बहुतेक ठिकाणी धर्मावर बेतलेलं आहे, ऑर्थोडॉक्स चर्च मानणारे सिरिलिक लिहितात, कॅथलिक मंडळी रोमन, आणि सर्बियन लोक दोन्ही. मॅसेडोनियन सिरिलिकमध्ये लिहितात, ३१ अक्षरं.

आता आपलं नातं. स्लाव्हिक आणि संस्कृत दोन्ही इंडो-युरोपियन कुळातल्या, हे पुस्तकात वाचलेलं असतं आणि मग 'द्वा, त्री' म्हणजे दोन-तीन एवढी यादी देऊन लोक थांबतात. मला त्यापेक्षा सासरची माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. मॅसेडोनियनमध्ये नवऱ्याच्या वडिलांना 'स्वेकोर' म्हणतात, संस्कृतात श्वशुर, आपल्याकडे सासरा. नवऱ्याची आई 'स्वेक्र्वा', संस्कृत श्वश्रू, आपली सासू. नवऱ्याचा भाऊ 'देवेर', संस्कृत देवर, आपला दीर. मुलाची बायको 'स्नाआ', संस्कृत स्नुषा, आणि तिचीच झिजून झिजून झालेली आपली सून. आणि सगळ्यात भारी म्हणजे दिराची बायको, तिला ते म्हणतात 'यात्र्वा', संस्कृतात यातृ, आणि मराठीत जाऊ! म्हणजे सासरा, सासू, दीर, सून आणि जाऊ, अख्खं सासर आपल्यात आणि त्यांच्यात एकाच मुळापासून आलंय. फक्त नणंद वेगळी पडली, तिला ते 'झोल्वा' म्हणतात आणि तो शब्द आपल्या नणंदेच्या मुळाचा नाही.

आणखी एक गोष्ट बघा ताई. हे सगळे शब्द बायकोच्या बाजूने आहेत, म्हणजे नवऱ्याच्या घरची माणसं. बायकोच्या आईवडिलांसाठी मॅसेडोनियनमध्ये वेगळेच शब्द आहेत, 'तेस्त' आणि 'तेश्ता', ते या यादीत नाहीत. यावरून भाषा अभ्यासणारे लोक असा अंदाज बांधतात की हजारो वर्षांपूर्वी जे लोक ही मूळ भाषा बोलत होते त्यांच्यातही मुलगी लग्न होऊन नवऱ्याच्या घरी जायची, म्हणून तिच्या भोवतीच्या माणसांना पक्की नावं पडली आणि ती टिकली. रशियनमध्येही यातले बरेच शब्द आहेत पण जावेचा शब्द तिथे जुना होऊन गळून पडला. मॅसेडोनियनमध्ये तो अजून आहे.

बाकी वानगी म्हणून थोडे शब्द देते: मध म्हणजे 'मेद', आग म्हणजे 'ओगन' (अग्नी), आभाळ म्हणजे 'नेबो' (नभ), विधवा म्हणजे 'व्दोवित्सा', हिवाळा म्हणजे 'झिमा' (हिम, हेमंत). आणि पाच-सहा-सात मोजायचं तर 'पेत, शेस्त, सेदुम', मग 'ओसुम, देवेत, देसेत'.

"माझा एक बल्गेरियन सहकारी ठामपणे सांगतो की मॅसेडोनियन अशी भाषाच नाही, ती बल्गेरियनची बोली आहे. खरं काय?" (सॉफ्टवेअर इंजिनियर, मूळचे म्हापशाचे, सध्या बंगळुरू)

तुम्ही म्हापशाचे आहात म्हणजे हा प्रश्न तुम्ही आयुष्यभर वेगळ्या नावांनी ऐकला असणार. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर गोव्यात आणि महाराष्ट्रात किती भांडणं झाली, किती शाई खर्च झाली, आणि शेवटी १९७५ मध्ये साहित्य अकादमीने मान्यता दिली, १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टात आली. तेव्हा जे युक्तिवाद झाले तेच जवळजवळ शब्दाला शब्द बाल्कनमध्ये होतात.

तुमच्या सहकाऱ्याची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडते. मॅसेडोनियन आणि बल्गेरियन खूपच जवळच्या आहेत, दोघं एकमेकांचं बोलणं बहुतांश समजतात. १९व्या शतकात त्या भागातले बरेच शिकलेले लोक स्वतःला बल्गेरियन म्हणवायचे. स्ट्रुगा गावच्या मिलादिनोव्ह बंधूंनी लोकगीतं गोळा करून १८६१ मध्ये झाग्रेबला छापली, त्या संग्रहाच्या नावातही बल्गेरियनच शब्द आहे. आणि नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांनी थेस्सालोनिकीच्या परिसरातली स्लाव्हिक बोली धरून धर्मग्रंथ उतरवले, त्यांचा शिष्य क्लिमेंट ८८६ नंतर ओह्रिदच्या भागात शिकवत राहिला, त्या जुन्या भाषेला बल्गेरियन लोक 'जुनी बल्गेरियन' म्हणतात आणि मॅसेडोनियन लोक ती आपली म्हणतात. वारसा एकच आहे आणि दोघांनाही त्यावर हक्क सांगायचाय.

आता दुसरी बाजू. १९०३ मध्ये क्रस्ते मिसिर्कोव्ह नावाच्या माणसाने सोफियात, म्हणजे बल्गेरियाच्या राजधानीत, एक छोटं पुस्तक छापलं आणि त्यात मांडलं की मॅसेडोनियातल्या स्लाव्हांची स्वतःची लेखी भाषा हवी, आणि ती प्रिलेप-बितोला या मधल्या भागातल्या बोलीवर उभी करावी, म्हणजे ती ना बल्गेरियनसारखी होईल ना सर्बियनसारखी. पुस्तकाच्या बहुतेक प्रती नष्ट केल्या गेल्या. पुढे मिसिर्कोव्हने स्वतःच्या भूमिका बदलल्याही, तो काही एकाच जागी ठाम उभा राहिलेला माणूस नव्हता, पण त्याने सुचवलेला भाषेचा पाया मात्र चाळीस वर्षांनी जवळजवळ तसाच वापरला गेला. (नाशिकच्या सरांसाठी: हा मिसिर्कोव्ह जन्मला पोस्तोल गावात, म्हणजेच अलेक्झांडरच्या त्याच पेलाच्या जागी! एकाच मातीत दोन हजारांहून जास्त वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या भाषांची माणसं.)

मग दुसऱ्या महायुद्धात, २ ऑगस्ट १९४४ ला, प्रतिकार चळवळीच्या सभेने मॅसेडोनियनला राजभाषा जाहीर केलं. मे १९४५ मध्ये लिपी ठरली, जूनमध्ये शुद्धलेखनाचे नियम आले. ब्लाझे कोनेस्की, प्रिलेपजवळच्या खेड्यातला मुलगा, तेव्हा पंचविशीचाही नव्हता आणि तो लिपी ठरवणाऱ्या लोकांत होता, नंतर त्याने १९५२ पासून व्याकरण लिहिलं, मोठ्या शब्दकोशाचं काम केलं, आणि कवीही तो अव्वल दर्जाचा. आपल्याकडे व्याकरण म्हणजे दादोबा पांडुरंग, कोश म्हणजे मोल्सवर्थ आणि कविता म्हणजे केशवसुत, अशी तीन वेगळी नावं घ्यावी लागतात, तिथे हा एकटा माणूस तिन्हीकडे दिसतो.

बल्गेरियन लोक म्हणतात की बघा, सरकारी हुकमाने बनवलेली भाषा आहे. पण प्रमाणभाषा सगळीकडे माणसंच ठरवतात हो, समित्या बसतात, एक बोली निवडतात, नियम छापतात. मॅसेडोनियनचं उशिरा झालं आणि ते सगळं तारखांसकट नोंदलेलं आहे, एवढाच फरक. खेड्यातली म्हातारी काय बोलायची ते काही १९४५ च्या समितीने बनवलेलं नव्हतं.

दोघींमधला फरक कानाने ऐकायचा असेल तर 'उद्या मी येईन' हे एकच वाक्य घ्या. मॅसेडोनियन म्हणेल 'उत्रे क्ये दोय्दाम', बल्गेरियन म्हणेल 'उत्रे श्ते दोय्दा', आणि सर्बियन म्हणेल 'सुत्रा चु दोची'. तो मधला 'क्ये', 'श्ते', 'चु' बघा, भविष्यकाळाचा एकच जुना शब्द तीन वाटांनी गेला. रात्रीलाही तसंच, 'नोक्य', 'नोश्त', 'नोच' (आणि संस्कृतात नक्त). वाक्याची घडण बल्गेरियनसारखी आहे पण आवाज तिचा स्वतःचा आहे.

माझं मत विचारलंत तर, जवळचं नातं असणं म्हणजे मालकी नव्हे. ज्या भाषेत मुलं शाळा शिकतात, कोर्टाचे निकाल लिहिले जातात, आणि जिला बोलणारे स्वतः स्वतंत्र भाषा म्हणतात, ती भाषा आहे. बल्गेरियाचं सरकार मात्र अजून हे मानत नाही. गंमत अशी की १९९२ मध्ये या देशाला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश बल्गेरियाच होता, पण भाषेला नाही, आणि २०२० मध्ये भाषा-इतिहासाच्या याच वादावरून त्यांनी युरोपियन युनियनबरोबरच्या चर्चा अडवल्या. ज्या देशाची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत १८ लाखांच्या थोडी वर भरली, त्याला स्वतःच्या भाषेचं नाव सांगण्यासाठी इतकं झगडावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्याकडे कोंकणी बोलणारे त्याहून जास्त आहेत, २०११ च्या जनगणनेत साडेबावीस लाख.

"मी पुण्यात रशियन शिकतेय, तिसरं वर्ष. मला मॅसेडोनियन वाचता येईल का?" (विद्यार्थिनी, पुणे)

अक्षरं बरीचशी वाचता येतील, शब्द खूप ओळखीचे वाटतील, आणि मग वाक्यात शिरल्यावर तुला कळेल की रशियनचे ते सहा विभक्तींचे तक्ते, जे पाठ करताना जीव गेला असेल, ते इथे नाहीतच! नामाच्या विभक्ती मॅसेडोनियनने जवळजवळ सगळ्या सोडून दिल्या, शब्दयोगी अव्ययांवर काम भागवतात. स्लाव्हिकमध्ये हे असं फक्त हिने आणि बल्गेरियनने केलं.

पण एका हाताने सोडलं आणि दुसऱ्याने घेतलं. रशियनमध्ये इंग्रजीच्या 'द' सारखं काही नाही, इथे आहे, आणि ते शब्दाच्या शेवटी चिकटतं, आणि एक नाही, तीन आहेत. पुस्तक म्हणजे 'क्निगा'. आपण दोघींना माहीत असलेलं ते ठरलेलं पुस्तक 'क्निगाता'. हे माझ्या हातातलं, माझ्याजवळचं, 'क्निगावा'. आणि ते तिकडे पलीकडे ठेवलेलं 'क्निगाना'. म्हणजे नुसत्या शेवटच्या अक्षरावरून वस्तू कुठे आहे ते कळतं, बोट दाखवायची गरज नाही. बल्गेरियनच्या प्रमाणभाषेत असा प्रत्यय आहे पण तो एकच प्रकारचा, हे जवळचं-लांबचं त्यात नाही. मला या भाषेतली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

दुसरी गोष्ट तुला मराठी असल्यामुळे पटकन कळेल. 'तोय दोय्दे' म्हणजे तो आला, मी पाहिलंय किंवा मला पक्कं माहितीय. 'तोय दोशोल' म्हणजे तो आला म्हणे. आपला तो 'म्हणे' आहे ना, जो लावला की सांगणाऱ्याची जबाबदारी संपते, तो त्यांच्या क्रियापदाच्या रूपातच बसवलेला आहे. रशियनमध्ये हे रूप साधा भूतकाळ म्हणून वापरतात, 'म्हणे'चा अर्थ नाही, त्यामुळे रशियन शिकलेले लोक इथे हमखास फसतात आणि स्वतःच्या लग्नाबद्दल सुद्धा ऐकीव असल्यासारखं बोलून जातात.

जोर कुठे द्यायचा हा रशियनमधला छळ इथे नाही. शेवटून तिसऱ्या अवयवावर (म्हणजे उच्चारातल्या तुकड्यावर, इंग्रजीत सिलॅबल) जोर, बहुतेक सगळीकडे. गिरणीवाला म्हणजे 'वोदेनिचार', जोर 'दे'वर. अनेकवचन 'वोदेनिचारी', जोर सरकून 'नि'वर. ते ठरलेले गिरणीवाले 'वोदेनिचारिते', जोर आणखी सरकून 'चा'वर. शब्द वाढला की जोर पुढे चालत जातो.

आणि सांभाळायचे शब्द: 'माय्का' म्हणजे मॅसेडोनियनमध्ये आई, रशियनमध्ये बनियन. 'स्तोल' इथे खुर्ची, रशियनमध्ये टेबल. 'प्रावो' रस्ता विचारताना ऐकलंस तर ते 'सरळ जा' आहे, रशियन सवयीने उजवीकडे वळू नकोस.

"बाकी सगळ्या स्लाव्हिक भाषांनी विभक्ती ठेवल्या मग या दोघींनीच का टाकल्या?" (वाचक, मिरज)

याचं अर्धं उत्तर तुमच्या शेजारी आहे काका. मिरजेहून अगदी जवळ कुपवाड. तिथे गंपर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी काम केलं आणि १९७१ मध्ये ते छापलं, जगभरात भाषाशास्त्र शिकणारी मुलं आजही कुपवाडचं नाव वाचतात. त्यांनी दाखवलं की तिथले मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत वावरल्यामुळे तिन्ही भाषांचे शब्द वेगळे राहिले पण वाक्याची ठेवण इतकी सारखी झाली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता येईल.

बाल्कनमध्ये हेच फार मोठ्या प्रदेशात, शेकडो वर्षं चाललं. ग्रीक, अल्बेनियन, रोमेनियन, बल्गेरियन, मॅसेडोनियन या भाषा मुळात कुटुंबाने वेगळ्या, पण एकाच बाजारात, एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या. शेवटी चिकटणारा तो 'द' अल्बेनियनमध्येही आहे, रोमेनियनमध्येही आहे. भविष्यकाळ 'इच्छिणे' या क्रियापदापासून बनवायचा ही पद्धत ग्रीकमध्येही तीच. दुसऱ्याची भाषा कामापुरती बोलणारी माणसं जिथे खूप असतात तिथे विभक्तीचे तक्ते टिकत नाहीत, असं याचं एक मोठं कारण दिलं जातं आणि ते मला पटतं. स्कोप्येत आजही मॅसेडोनियनबरोबर अल्बेनियन आणि तुर्की ऐकू येते. मदर तेरेसा १९१० साली जन्मल्या त्या याच शहरात, अल्बेनियन घरात (अल्बेनियन स्लाव्हिक नाही, ती इंडो-युरोपियनची एक स्वतंत्र फांदी आहे).

तुर्कांमुळे आपलेही काही ओळखीचे शब्द तिथे पोचलेत. दुकान म्हणजे 'दुक्यान', बाजार म्हणजे 'पाझार', दुश्मन म्हणजे 'दुश्मान', चहा 'चाय'. आणि साखर म्हणजे 'शेक्येर', तो मूळचा आपल्याकडचा शर्करा, फारसी-अरबी-तुर्की असा प्रवास करत गेलेला. त्यांचा सगळ्यात आवडता पदार्थ 'ताव्चे ग्राव्चे', म्हणजे मातीच्या भांड्यात भाजलेले पांढरे घेवड्याचे दाणे, त्यातला 'ताव्चे' म्हणजे छोटा तवा.

"स्लाव्हिक भाषा बोलणारे कधी महाराष्ट्रात येऊन राहिले होते का?" (वाचक, अलिबाग)

हो, आणि त्यातला एक तर तुमच्याच जिल्ह्यात उतरला. अफानासी निकितिन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी चौलला आला, तिथून जुन्नरला गेला आणि पावसाळा तिथे काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता, तो त्याने मोठ्या मिनतवारीने परत मिळवला. त्याने लिहून ठेवलेलं रशियनमध्ये आहे, पण मध्येमध्ये तुर्की-फारसी-अरबी मिसळलेलं.

दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत छावण्यांतून सुटून आलेली. त्यांच्या पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. त्यातल्या मुलांनी पुढे म्हातारपणी कोल्हापूरला येऊन आपली जागा शोधली आहे.

"मेलबर्नला आमच्या शेजारी एक मॅसेडोनियन आजी-आजोबा राहतात, फार प्रेमळ आहेत. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत थोडं बोलायचंय. सुरुवात कशी करू?" (वाचक, मूळच्या नागपूरच्या)

फार चांगलं करताय! मेलबर्नमध्ये मॅसेडोनियन घरं बरीच आहेत, आणि त्यातली कित्येक माणसं युद्धात, गरिबीत गाव सोडून आलेली. काही तर आज ग्रीसमध्ये असलेल्या खेड्यांतून, जिथे त्यांच्या भाषेला अजूनही सरकारी मान्यता नाही. १९२५ मध्ये तिथल्या मुलांसाठी अथेन्सला एक बालबोध पुस्तक छापलं होतं, पण ते शाळांत कधी शिकवलंच गेलं नाही. तेव्हा आजोबा गावाबद्दल बोलायला लागले तर ऐकून घ्या, त्यात बरंच काही असेल.

उच्चारांचं म्हणाल तर मराठी माणसाला ही भाषा सोपी जाते. आपल्याकडे 'चिमणी'तला च वेगळा आणि 'चाक'मधला च वेगळा, 'जेवण'मधला ज वेगळा आणि 'जाड'मधला ज वेगळा, पण आपण दोन्हीसाठी एकच अक्षर वापरतो. त्यांच्याकडे हे चारही आवाज आहेत आणि चारही आवाजांना चार स्वतंत्र अक्षरं आहेत! 'जाड'मधला ज तर सर्बियन आणि बल्गेरियनच्या प्रमाण लिपीत अक्षर म्हणून नाहीच, मॅसेडोनियनमध्ये आहे. चांदणीला ते 'ज्वेज्दा' म्हणतात, त्यातला पहिला ज 'जाड'मधला काढा. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा आवाज घोटून घ्यावा लागतो, तुम्हाला तो घरातच मिळालाय. स्वर पाचच, अ-ए-इ-ओ-उ, आणि जसं लिहिलंय तसंच वाचायचं.

'ज़्द्रावो' म्हणजे नमस्कार, पण जरा मोकळाढाकळा. आजी-आजोबांना सकाळी 'दोब्रो उत्रो', दुपारनंतर 'दोबार देन' म्हणा. 'ब्लागोदारम' म्हणजे धन्यवाद, जोर 'गो'वर. 'यास सुम ओद इंदिया' म्हणजे मी भारतातली. कसे आहात विचारायला 'काको स्ते?', 'काको सी?' नको, कारण आपल्या तू-तुम्हीसारखंच त्यांचं 'ती' आणि 'विये' आहे आणि वयाने मोठ्या माणसाला 'ती' म्हणत नाहीत. ते स्वतःहून म्हणाले की 'ती' म्हण, तर म्हणा, एरवी 'विये' सोडू नका.

थोडं जमायला लागलं की आजोबांना 'स्ट्रुगा' एवढं म्हणून बघा. ओह्रिद सरोवराच्या काठावरच्या या गावात १९६० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात जगभरचे कवी जमतात, पुलावर उभं राहून नदीकाठच्या लोकांना कविता ऐकवतात, आणि सुरुवात होते ती मिलादिनोव्ह भावांपैकी कॉन्स्टान्टिनच्या कवितेने, जी त्याने मॉस्कोच्या थंडीत बसून दक्षिणेकडच्या आपल्या उन्हाच्या आठवणीने लिहिली. तिथला 'गोल्डन रीथ' पुरस्कार चिलीचे कवी नेरूदांना मिळालाय, आणि १९८३ मध्ये आपल्या हिंदीतल्या अज्ञेयांनाही. शाळेत गेलेल्या मॅसेडोनियन माणसाला या कवितेच्या निदान दोन ओळी पाठ असतात. आजीआजोबांना म्हणायला सांगा, आणि ऐकताना ते शेवटून तिसऱ्या अवयवावर जोर कसा देतात तिकडे लक्ष ठेवा, कारण तो कान एकदा तयार झाला की पुढचं शिकणं बरंच सोपं होतं.